छोटी माटोळी: क्रोशेच्या भरीव फळांच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार. डिचोली, गोवा

यंदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आहे. गणपती पाहायला येणाऱ्या घरांतल्या मुलांना काहीतरी हाताने केलेले द्यावे, या विचारातून आमच्या वाड्यावरच्या बायकांनी क्रोशेची लहान भरीव फळे विणायचे आणि ती बांबूच्या कामट्यांच्या चौकटीला टांगून छोटी माटोळी (गणपतीच्या मूर्तीवर फळे-पाने बांधून टांगतात ती चौकट) तयार करायचे ठरवले. गटातल्या बहुतेकींनी क्रोशेची सुई यापूर्वी हातात धरलेली नाही. त्यामुळे काय विणायचे याहून कोणत्या क्रमाने विणायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागला.

माटोळीत बांधल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी समोर घेऊन बसले, तेव्हा नवशिक्यांसाठीचा क्रम त्या यादीतच दडलेला आहे असे लक्षात आले. सुपारी हा लहान गोळा, आंबाडा हा किंचित लांबट गोळा, तवसे (काकडी) म्हणजे सरळ नळी, तोरिंग (पपनस) म्हणजे मोठा गोळा, भोपळा म्हणजे खाचा पाडलेला गोळा आणि नागलकुडा हे रानफळ म्हणजे एका देठावर जोडलेली दोन फळे. प्रत्येक फळ आधीच्या फळापेक्षा एकच नवी गोष्ट शिकवते. फागले (करटोले) मात्र यादीतून काढले, कारण त्याचे काटे विणायला जो हात लागतो तो पहिल्याच पावसाळ्यात येत नाही. निरफणसही त्याच कारणाने गळला.

घरातल्या आजींनी एक अट घातली आणि ती मला पटली. “देवावरच्या माटोळीत रानातलंच बांधायचं, विणलेलं नको,” असे त्या म्हणाल्या. माटोळी ही त्या ऋतूत आसपास जे पिकते आणि उगवते त्याचीच मांडणी असते. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेतही दरवर्षी लोक बिया, फळे आणि पाने यांतूनच मोठमोठी चित्रे उभी करतात. आमची माटोळी भेटवस्तू आहे आणि ती मुलांच्या खोलीत किंवा खिडकीत टांगली जाईल.

१३ जून, शुक्रवार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोऱ्याची खरेदी केली. ॲक्रिलिकची लोकर स्वस्त असते, रंगही भरपूर मिळतात. पण पावसाळ्यात हाताला घाम असताना ती बोटांत कुरकुरते आणि सुईवर अडते. शिवाय तिला तंतू सुटतात, त्यामुळे विणलेला टाका नवशिकीला स्पष्ट दिसत नाही. सुती दोऱ्यात टाका स्वच्छ दिसतो आणि मोजता येतो. सुती दोऱ्याचे पदर कधी सुईच्या टोकावर फुटतात हे खरे, परंतु दिसेनासा टाका शोधत बसण्यापेक्षा फुटलेला पदर परत आत घेणे सोपे. म्हणून चार पदरी सुती दोरा घेतला. रंग हिरव्याच्या दोन छटा, पिवळा, केशरी, विटकरी आणि थोडा पांढरा.

सुया २.५ मिलिमीटरच्या घेतल्या. दोऱ्याच्या वेष्टनावर ३ ते ३.५ मिलिमीटरची सुई सुचवलेली होती आणि दुकानदारानेही तीच पुढे केली. रुमाल किंवा शाल विणायची असती तर त्याचे म्हणणे बरोबर होते. भरीव वस्तूला मात्र वेष्टनावरच्या सूचनेपेक्षा एक-दोन माप बारीक सुई लागते. जवळच ॲल्युमिनियमच्या साध्या सुया आणि रबरी मुठीच्या सुया दोन्ही होत्या. मूठ असलेली सुई थोडी महाग पडते, पण ज्यांची बोटे दुखतात त्यांच्यासाठी तशा काही घेतल्या.

घरी आल्यावर प्रत्येक रंगाच्या दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला. विटकरी रंगाने फडक्यावर डाग दिला. त्या गुंड्या थंड पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन वाळत घातल्या. या हवेत त्या वाळायला वेळ लागणार आहे.

१५ जून, रविवार

पहिला वर्ग. साखळी सगळ्यांना लवकर जमली. मुका खांब हा या कामातला जवळजवळ एकमेव टाका आहे, म्हणून उरलेला सगळा वेळ त्यालाच दिला: सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा.

गोल विणकामाची सुरुवात सामान्यतः बोटाभोवती दोऱ्याची सैल कडी करून होते. तिच्यात सहा मुके खांब विणायचे आणि मग शेपूट ओढून कडी बंद करायची. ही पद्धत उत्तम आहे, पण सुई धरायलाच शिकणाऱ्या हाताला ती कडी सांभाळणे जड जाते. त्यामुळे आरंभी दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा मुके खांब विणायला सांगितले. मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढे भोक राहते. फळाच्या देठाकडची बाजू तीच ठेवली की ते झाकले जाते.

सुई पेन्सिलीसारखी धरावी की सुरीसारखी, यावर बराच खल झाला. दोन्ही बरोबर आहेत. मनगट कमी वळते ती पकड आपली, एवढेच सांगितले. नववीतली एक मुलगी डावखुरी आहे. तिला माझ्या शेजारी न बसवता समोर बसवले, म्हणजे माझा उजवा हात तिला आरशात दिसावा तसा तिच्या डाव्या बाजूला येतो. तिचे विणकाम उलट दिशेने फिरते, मात्र टाक्यांच्या आकड्यात काहीही बदल होत नाही.

२२ जून, रविवार

सुपारी विणली. नमुना असा: पहिल्या फेरीत ६ टाके, दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२, तिसरीत एक साधा आणि एका टाक्यात दोन असे सहा वेळा, म्हणजे १८. चौथी ते आठवी फेरी १८ टाके जसेच्या तसे. नवव्या फेरीत एक साधा आणि मग दोन टाक्यांचा एक, असे सहा वेळा केले की १२ उरतात. इथे थांबून फळ भरायचे. दहाव्या फेरीत दोन-दोन टाक्यांचा एक करत ६ उरले की दोरा कापून सुईत ओवायचा, सहाही टाक्यांच्या पुढच्या फाशांतून फिरवून ओढायचा आणि शेपूट आतून दोन दिशांना नेऊन बाहेर छाटायचे.

फेऱ्या जोडत नाहीत. विणकाम गोगलगायीच्या शंखासारखे अखंड फिरत वर चढते. याचा परिणाम असा की फेरी कुठे संपली हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवायचा आणि पुढच्या फेरीत तो वर सरकवायचा, हा नियम मी कडक ठेवला आहे. सेफ्टी पिनही चालते. “मनातच मोजते मी, तुकडा कशाला?” असे शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या सुपारीला शेवटी एका बाजूने पोट आले आणि मग त्यांनी स्वतःहूनच लाल तुकडा मागून घेतला.

दुसरी महत्त्वाची बाब सुलट आणि उलट बाजूची. वाटी तयार होऊ लागली की बहुतेकींचे विणकाम आपोआप आतबाहेर वळते. बाहेरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टाक्यांच्या रांगा दिसायला हव्यात. आडव्या छोट्या रेघा दिसत असतील तर ती उलट बाजू, आणि वाटी तेवढ्यातच उलटी करून घ्यावी. फळ बंद झाल्यावर काही करता येत नाही.

२९ जून, रविवार

दिवसभर मुसळधार पाऊस आणि संध्याकाळी वीज गेलेली. थोड्याच जणी आल्या. मेणबत्तीच्या उजेडात गडद हिरव्या दोऱ्याचे टाके दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांना पिवळ्या दोऱ्यावर आंबाडे विणायला दिले. नमुना सुपारीचाच आहे, मधल्या सरळ फेऱ्या तेवढ्या वाढवल्या.

६ जुलै, रविवार

आज या प्रकल्पातला खरा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या आंटी आमचे काम पाहायला आल्या होत्या. गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत क्रोशेची लेस पिढ्यान्‌पिढ्या विणली जाते, आणि आंटींच्या हातचे मेजावरचे रुमाल मी लहानपणापासून पाहत आले आहे: बारीक पांढरा दोरा, पोलादी सुई, आणि टाक्यांपेक्षा मोकळ्या जागांतूनच उमटणारी फुले. त्यांनी हौसेने एक सुपारी विणली. टाके इतके एकसारखे होते की सगळ्या जणी पाहत राहिल्या. परंतु भरण घातल्याबरोबर प्रत्येक टाक्याच्या फटीतून पांढरा कापूस दिसू लागला.

आंटींचे कौशल्य निर्विवाद आहे. लेसमध्ये दोरा सैल सोडावा लागतो, कारण तिथे भोक हाच नक्षीचा भाग असतो. भरीव वस्तूत मात्र भोक राहूच द्यायचे नसते. आतले भरण टाक्यांना चहूबाजूंनी बाहेर ढकलते, त्यामुळे सपाट असताना घट्ट वाटणारे विणकामही भरल्यावर उसवल्यासारखे दिसते. नवशिक्यांच्या वस्तू ओबडधोबड दिसण्याचे कारण बहुधा आकारात नसते, ते या सैलपणात असते. म्हणून मी आता टाक्याचा देखणेपणा पाहत नाही. वाटी उजेडासमोर धरायची आणि आत बोट घालून ताणायची. बोटाची कातडी दिसली तर सुई आणखी बारीक घ्यायची, असा निकष ठरवून टाकला आहे.

घट्टपणा वाढवायचा म्हणून बोटांनी दोरा आवळत बसले तर मनगट दुखते आणि पुढच्या फेरीत सुई टाक्यात शिरत नाही. त्यापेक्षा दोन उपाय अधिक चांगले. एक बारीक सुईचा, तो वर आलाच. दुसरा दोरा उचलण्याच्या पद्धतीचा: टाक्यात सुई घातल्यावर दोरा सुईवर गुंडाळून ओढण्याऐवजी सुईचे टोक दोऱ्याच्या वर नेऊन त्याला खाली दाबत ओढले, तर टाका फुलीसारखा बसतो. असा टाका आखूड आणि दाट होतो आणि रांगा कमी तिरक्या जातात. मात्र एका फळात एकच पद्धत ठेवावी, कारण मध्येच बदलली तर फळाची उंची बदलते. आंटींनी ही दुसरी पद्धत लगेच उचलली आणि दुसऱ्या सुपारीत एकही फट राहिली नाही. “हे लेसच्या अगदी उलटे गे,” म्हणत त्या हसल्या आणि आणखी दोरा घेऊन गेल्या.

घटीचे टाकेही याच कारणाने फटी सोडतात. दोन टाक्यांचा एक करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फास सुईवर घ्यावेत आणि मग नेहमीचा मुका खांब पूर्ण करावा. घट कुठे केली ते बाहेरून ओळखूही येत नाही.

१३ जुलै, रविवार

आज भरणाचा विषय घेतला. घराघरांतून जे आले ते सगळे मेजावर मांडले. सावरीच्या कापसाची जुनी उशी एकीने आणली होती. तो कापूस हलका आणि मऊ असतो, पण इतका निसरडा आणि बारीक की घट्ट टाक्यांतूनही तंतू बाहेर येतात आणि खोलीभर उडतात. साधा कापूस ओल शोषतो, धुतल्यावर त्याच्या गाठी होतात आणि आमच्याकडच्या पावसात आतून कुबट वास येऊ लागतो. चिंध्यांनी पृष्ठभागावर उंचवटे दिसतात. वजनासाठी तांदूळ घालावेत अशी एक सूचना आली, ती किड्यांच्या भीतीने तिथेच मागे पडली. पॉलिएस्टरचे भरण पाणी धरत नाही आणि दाबल्यावर पुन्हा फुलते, म्हणून तेच ठरले. जुन्या उशीतले घेतले तरी चालते, फक्त ते बोटांनी नीट पिंजून घ्यावे लागते.

भरताना मोठा बोळा एकदम कोंबला की मध्ये कडक गाठ आणि कडेला पोकळी असा प्रकार होतो. चिमूटभर भरण घ्यायचे, आधी कडेला आणि तळाला लावायचे, मग मधला भाग भरायचा. पेन्सिलीचे बोथट टोक त्यासाठी पुरेसे आहे. बोटाने दाबल्यावर फळ लगेच मूळ आकाराला आले पाहिजे. आज जेवढे घट्ट वाटते त्याहून थोडे अधिकच भरावे, कारण हाताळून हाताळून भरण बसते.

२० जुलै, रविवार

तवसे आणि तोरिंग. तवशाच्या १८ टाक्यांच्या सुमारे वीस सरळ फेऱ्या होतात आणि तेवढ्या खोल नळीत शेवटी बोट पोहोचत नाही, म्हणून दर पाच-सहा फेऱ्यांनी भरत जायचे. सालीवरचे फिकट पट्टे विणताना रंग बदलून करण्यापेक्षा नंतर पांढऱ्या दोऱ्याच्या लांब टाक्यांनी भरणे नवशिक्यांना सोयीचे पडते.

तोरिंगाने एक बारकावा समोर आणला. प्रत्येक फेरीत सहा वाढी (एका टाक्यात दोन टाके) एकावर एक आल्या की गोळ्याला सहा कोन पडतात. सुपारीत ते कळत नाहीत, ४२ टाक्यांच्या तोरिंगात मात्र स्पष्ट दिसतात. त्यावर उपाय वाढीची जागा सरकवण्याचा आहे. चौथ्या फेरीत दोन साधे आणि एक वाढ असे करण्याऐवजी एक साधा, एक वाढ, एक साधा असे सहा वेळा करायचे. टाके २४च होतात, पण वाढ आधीच्या वाढीवर येत नाही.

भोपळ्याला नेमके हेच सहा कोन हवेत. तो ३६ टाक्यांचा विणला, वाढी मुद्दाम एकावर एक ठेवल्या आणि भरण थोडे सैल ठेवले. मग जाड सुईने तळाच्या मध्यातून वरच्या मध्यात दोरा नेला, बाहेरून वाढीच्या रेषेवरून खाली आणला आणि पुन्हा आतून वर ओढला. सहा रेषांवर सहा वेळा असे केले की भोपळ्याच्या खाचा पडतात. हा भोपळा पाहून वर्गातल्या सगळ्यांना तोच विणायचा झाला आहे आणि नागलकुड्याला सध्या कोणी विचारत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

फळांना डोळे आणि हसरी तोंडे लावावीत असा मुलींचा आग्रह आहे. मला ते फारसे रुचत नाही. तोरिंग तोरिंगासारखेच दिसावे. तरी भेट मुलांची आहे हे मान्य करून भोपळ्यापुरती परवानगी दिली, मात्र डोळे काळ्या दोऱ्याने शिवायचे. बाजारात मिळणारे मागून चकती बसवायचे प्लॅस्टिकचे डोळे किंवा मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत नकोत. ते ओढून निघू शकतात आणि घशात अडकू शकतात.

घागऱ्या या रानातल्या शेंगेचा प्रयोग वहिनींनी केला. घागऱ्याची शेंग वाळली की आतल्या बिया खुळखुळतात, तसाच आवाज यावा म्हणून त्यांनी लहान डबीत मोहरी घालून ती शिवायचे सुचवले. आवाज सुंदर येतो. परंतु डबीचे झाकण उघडले तर काय, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हे फळ फक्त मोठ्यांना द्यायच्या माटोळीत जाईल.

१० ऑगस्ट, रविवार

तयार फळांचा डबा उघडून सगळी फळे तपासली. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवलेली फळे कोरडी आहेत. कपाटात कापडी पिशवीत राहिलेल्या काही फळांना कुबट वास आला होता. ती सौम्य साबणाच्या थंड पाण्यात धुतली, पंच्यात दाबून पाणी काढले आणि पंख्याखाली वाळत ठेवली. डांबरगोळ्या कुठेही घातल्या नाहीत, कारण तो वास मुलांच्या वस्तूला नको.

१७ ऑगस्ट, रविवार

चौकटी बांधल्या. खऱ्या माटोळीला केवणीच्या (एका रानझुडपाच्या) सालीचा दोर वापरतात. आम्ही बारीक सुतळी वापरली. वीतभर लांबीच्या कामट्यांचा चौकोन, मध्ये दोन आडव्या काड्या आणि चार कोपऱ्यांतून वर एका गाठीत मिळणारे चार दोरे.

फळ टांगायचा दोरा वरच्या टाक्याला नुसता बांधला तर काही दिवसांत तो टाका खाली ओढला जाऊन भोक पडते. म्हणून दोरा तळापासून आरपार काढायचा, तळाशी गाठ मारून आत लपवायची आणि वर फास ठेवायचा. मग सगळे वजन तळ उचलतो. सुपाऱ्या एकेकट्या न टांगता साखळीच्या देठांवर गुच्छाने बांधल्या, तेव्हा खरे शिपटे (सुपारीचा घड) दिसू लागले.

समतोल साधायला फळांची जोडी लावावी लागते. तोरिंग किंवा भोपळा बरोबर मध्यभागी, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारख्या वजनाची फळे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिले, तेव्हा एकाच नमुन्याची तवशी दोन हातांनी विणल्यामुळे वेगवेगळ्या वजनाची निघाली. त्यांची अदलाबदल करून चौकटी सरळ केल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रत्येक चौकटीला एक चिठ्ठी जोडली आहे: हाताने थंड पाण्यात धुवावी, पिळू नये, उन्हात टांगू नये, तीन वर्षांखालच्या मुलांना दोरा लावून देऊ नये. अगदी लहानांसाठी दोऱ्याशिवायची सुटी फळे वेगळी काढली. डावखुऱ्या मुलीने शेवटी नागलकुड्याची जोडी विणली. दोन्ही फळे हुबेहूब सारखी आली आणि तिने ती कोणालाही न देता स्वतःच्या दप्तराला लावली आहेत.

७ सप्टेंबर, रविवार

एका घरातून एक भोपळा दुरुस्तीला आला. देठ ओढून काढल्यामुळे वरचे दोन टाके सुटले होते. भरण न काढता त्याच रंगाच्या दोऱ्याने सुटलेले फास सुईवर उचलले, शेजारच्या टाक्यांशी शिवून घेतले आणि देठ या वेळी तळापर्यंत दोरा नेऊन बसवला. पुढच्या वेळी सगळे देठ असेच लावायचे, असे नमुन्याच्या वहीत लिहून ठेवले.

उरलेला दोरा रंगांप्रमाणे गुंडाळून ठेवला आहे. पिवळा बराच शिल्लक आहे आणि आंटींनी नाताळसाठी लहान भरीव नखेत्रांची (चांदण्यांची) मागणी नोंदवली आहे. पाच टोके घट्ट कशी भरायची, ते पाहण्यासाठी पुढच्या रविवारी एक नमुना विणणार आहोत.